हिच्या डोळ्यांत टिपूस नाही

आज दुपारपासून रागाने डोकं फिरलंय, त्यामुळे लिहिताना इकडचं तिकडे होईल. सांभाळून घ्या.

भाच्याचा फोन आला होता. १७ वर्षांचा आहे. एरवी मेसेजला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे उत्तर देत नाही, आज स्वतःहून फोन केला. (त्याला विचारूनच लिहितेय.) आवाज इतका बारीक की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. म्हणाला, "मावशी, चार महिने झाले, मला सगळं खोटं वाटतंय. म्हणजे खोटं नाहीये हे कळतंय मला. पण वाटतंय. आरशात बघितलं की हा कोण, असं होतं. आई समोर बसलेली असते आणि मध्ये काच असल्यासारखी दिसते."

गेल्या आठवड्यात त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. दोन मिनिटं. "मोबाईल कमी कर, वेळेवर झोप, या वयात कसलं आलंय टेन्शन." संपलं. आणि घरी येताना त्याची आई, म्हणजे माझी मावसबहीण, त्याला म्हणाली, "आजी इतकी आजारी आहे, एकदा तरी विचारलंस का? किती कोरडा झालायस तू."

त्यावरून त्याने मला विचारलं, "मावशी, मी दगड झालोय का?"

नाही रे राजा.

मला हा प्रश्न विचारायची संधीसुद्धा मिळाली नव्हती, थेट निकालच लागला होता. मी २१ वर्षांची होते. बाबा हॉस्पिटलमध्ये, शेवटचे दिवस. त्यांनी पलंगावरून हात पुढे केला आणि माझा हात धरला. मी खाली बघितलं. मला दोन हात दिसले. एकावर सुईची पट्टी चिकटवलेली, दुसरा कुणाचा तरी. तो दुसरा माझा होता. मला ठाऊक होतं की तो माझा आहे, खांद्यापर्यंत नजर नेऊन मी खात्री करून घेतली. पण कुणाच्या तरी जुन्या फोटोतले दोन हात बघावेत तशी मी बघत उभी राहिले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. आणि दाराशी उभ्या असलेल्या एका नातेवाईक बाईंचं वाक्य माझ्या कानावर आलं, "बघा, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही."

वीस वर्षं झाली. ते वाक्य जसंच्या तसं आहे. म्हणून आज माझ्या बहिणीचं 'कोरडा' ऐकलं आणि माझा तोल गेला.

आता नीट सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी या आजाराचं नाव, डीपर्सनलायझेशन, ऐकलेलं नसेल. माझं सुरू झालं १९ व्या वर्षी. परीक्षेचे दिवस, तीन आठवडे धड झोप नाही, आणि एका रात्री पॅनिक अटॅक. छातीत धडधड, हातपाय गार, आत्ता मरतेय असं वाटलं. धडधड अर्ध्या तासात गेली. जग मात्र परत आलं नाही. सकाळी उठले तर भिंती जागच्या जागी, माणसं तीच, पण सगळं सपाट, पडद्यावर लावल्यासारखं. माझा आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू यायचा. कालची गोष्ट दहा वर्षांपूर्वीची वाटायची. लहानपणीच्या आठवणी होत्या, पण कुणीतरी सांगितल्यासारख्या. मी कॉलेजला जात होते, पेपर लिहित होते, लोकांशी हसून बोलत होते, आणि हे सगळं कोण करतंय ते मी लांबून बघत होते.

याला डीपर्सनलायझेशन म्हणतात, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं. भोवतालचं जग खोटं वाटतं ते डीरिअलायझेशन. बहुधा दोन्ही हातात हात घालून येतात, म्हणून २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत दोन्ही एकाच आजाराच्या नावाखाली घेतले. जागरणानंतर, अपघातानंतर, मोठ्या धक्क्यानंतर काही मिनिटं, काही तास असं कितीतरी जणांना होतं आणि निघून जातं. पण शंभरातल्या एकदोघांच्या बाबतीत ते ठाण मांडून बसतं. महिने, वर्षं. आणि ते सुरू होतं सरासरी १६ व्या वर्षी. सोळाव्या! 'या वयात कसलं टेन्शन' म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायला नको?

बरं, मोबाईल आणि झोपेबद्दल ते अगदीच चूक नव्हते, रात्रीची जागरणं हे वाढवतात. मान्य. पण ते पाचवं वाक्य असायला हवं होतं, पहिलं नाही.

भाच्याच्या तोंडचं ते वाक्य परत वाचा. 'खोटं नाहीये हे कळतंय, पण वाटतंय.' याच्यात सगळं निदान आलं. भ्रम झालेल्या माणसाला तो भ्रमच खरा वाटतो. इथे उलट आहे, माणसाला खरं काय ते पूर्ण ठाऊक असतं आणि तरी ते खरं लागत नाही. म्हणून तर तो इतका घाबरतो. मी वेडी होतेय का, हा प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारायचे. कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं की हा वेडाचा रस्ता नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला सहा वर्षांनी मिळालं.

आणि हे फोनमुळे आलेलं नवं खूळही नाही. हेन्री-फ्रेडरिक अमिएल नावाचे स्विस विचारवंत होते, त्यांनी १८८० साली आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की मला सगळं परकं वाटतंय, मी जणू माझ्या शरीराच्या बाहेर आहे, हे वेड आहे का? त्यांनी तिथे वापरलेल्या 'डीपर्सनलाइज्ड' या शब्दावरूनच लुडोविक दुगा या फ्रेंच अभ्यासकाने १८९८ साली या अवस्थेला नाव दिलं. सव्वाशे वर्षं होऊन गेली नाव देऊन, आणि माझ्या भाच्याला ते नाव त्याच्या मावशीकडून कळतं.

आता दगडाबद्दल. दगड नसतो माणूस. घरात विजेचा लोड फार झाला की मेन स्विच आपोआप पडतो ना, तसं काहीतरी होतं. १९९८ साली सिएरा आणि बेरिओस या दोन डॉक्टरांनी मांडलं की भीती अनावर झाली की मेंदूचा पुढचा भाग भावनांच्या केंद्रावर ब्रेक दाबून धरतो, आणि डोकं मात्र टक्क जागं राहतं. पुढे अशा माणसांना अंगावर काटा आणणारी चित्रं दाखवून तळहाताला सुटणारा सूक्ष्म घाम मोजला, तर तो इतरांपेक्षा कमी भरला. म्हणजे हे नाटक नाही. हे कातडीपर्यंत पोचलेलं आहे. क्षणभराच्या संकटात हा ब्रेक उपयोगीच असतो, जळत्या घरातून बाहेर पडताना रडत बसून चालत नाही. आमचा तो दाबलेलाच राहतो, एवढंच.

आणि हे लक्षात घ्या, ज्याच्या मनात माया नसते त्याला 'मला माया वाटत नाहीये' याचा त्रास होत नाही. मी त्या पलंगापाशी उभी असताना आतल्या आत किंचाळत होते की मला काहीतरी वाटू दे, बाबांसाठी एकदा तरी वाटू दे. त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंना फक्त कोरडे डोळे दिसले.

त्यानंतर मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन काय केलं सांगू? स्वतःच्या हाताला चिमटे काढले. एक, दोन, दहा. दुखतंय का, माझाच आहे का, आता वाटतंय का. हे मी पुढे वर्षानुवर्षं केलं. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम, खोलीकडे बघून तपासायचं, आज खरी वाटतेय का? कुणी हसलं की तपास, मला हसू आतून आलं का? दिवसातून शंभर वेळा. आणि रात्री नेटवर वाचत बसायचं, लोकांचे भयानक अनुभव, कायमचं राहतं का, मेंदू बिघडतो का. मग पहाटेपर्यंत, 'मी' म्हणजे नक्की कोण, जग आहे कशावरून, असले प्रश्न. ते प्रश्न फार खोल वाटतात. त्यांनी माझी तीन वर्षं खाल्ली.

मला शेवटी ज्या थेरपिस्ट भेटल्या त्यांनी हीच गाठ दाखवली. परकं वाटतं, त्याची भीती वाटते, भीतीने तपासणं सुरू होतं, तपासलं की आणखी परकं वाटतं. कुठलाही साधा शब्द पन्नास वेळा म्हणून बघा, तोसुद्धा अनोळखी होतो. मग चोवीस तास स्वतःलाच न्याहाळणाऱ्या माणसाचं काय होणार? लंडनमध्ये २००३ च्या सुमाराला याच चक्रावर बेतलेली उपचारपद्धत मांडली गेली, कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपीचाच, म्हणजे बोलण्यातून विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, एक प्रकार. माझ्या बाबतीत तीच कामाला आली.

गोळ्यांबद्दल सगळे विचारतात. या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी आजवर नाही. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीची रीतसर चाचणी २००४ मध्ये झाली, साध्या नकली गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. पण सोबत नैराश्य असेल, चिंता असेल, तर त्यासाठी गोळ्या लागतात आणि उपयोगी पडतात, मलाही पडल्या. मनाने बंद करू नका. आणि हो, आधी तपासण्या करायलाच हव्यात, फिट्सचे काही प्रकार, मायग्रेन, गांजासारखी नशा, यांतूनही असं होतं. ते डॉक्टरांनी बघायचं. बघावं की पण! विचारावं तरी! आणि मूल जर म्हणालं की जगावंसं वाटत नाही, तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

अजून एक राहिलं, आणि इथे मी परत चिडणार आहे. मला एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, "अगं भाग्यवान आहेस, लोक ज्या साक्षीभावासाठी जन्मभर साधना करतात तो तुला फुकट मिळाला." आणि मला डोळे मिटून श्वासाकडे बघत बसायला लावलं. ध्यानाने काहींना बरं वाटत असेल, वाटो बापडं. माझं धुकं दुप्पट झालं, कारण मी आधीच चोवीस तास आत बघत होते. ध्यानातूनच ज्यांचं हे सुरू झालं अशी माणसंही आहेत. साक्षीभावात शांतता असते म्हणतात ना? मला एक क्षण शांतता नव्हती. दुःखाला मोठं नाव दिलं की मदत करायची जबाबदारी संपते, एवढंच झालं त्यात.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय.

बरं कसं झालं ते भाच्यालाही सांगितलं. एका सकाळी काच फुटली आणि जग लख्ख झालं, असं काही झालं नाही. मी अशा सकाळची वाट बघत बसले होते हीच चूक. धुकं असेल तर असू दे, धुक्यातच उठायचं, कामाला जायचं, मैत्रिणीला भेटायचं, ती खोटी वाटली तरी तिचं पूर्ण ऐकायचं. लक्ष बाहेर ठेवायचं, हातातल्या कामावर, समोरच्या माणसावर. तपासायची ऊर्मी आली की ती ओळखायची आणि सोडून द्यायची. नेटवरचं वाचन बंद. झोप ठरलेल्या वेळी. महिनोन् महिने काही फरक नाही. मग एकदा घरात एक कागद हरवला म्हणून मी कपाटं उपसत होते, वैतागून सगळ्यांवर ओरडत होते, आणि अचानक लक्षात आलं की गेला अर्धा तास मी स्वतःला तपासलंच नाही. लक्षात आलं तसं परत धुकं. पण तो अर्धा तास माझा होता. मग असे तास वाढले. मध्ये दोनदा सगळं परत पहिल्यासारखं झालं आणि मी हाय खाल्ली, पण तेही ओसरलं. एकूण आठ वर्षं. लवकर कुणी ओळखलं असतं तर इतकी लागली नसती, असं मला वाटतं.

आणि ब्रेक सुटल्यावर पहिलं काय आलं असेल? बाबा. ते जाऊन सहा वर्षं झालेली, घरचे सगळे सावरलेले, आणि मी २७ व्या वर्षी चार दिवस अंथरुणात पडून रडले. कुणाला कळेना आता काय झालं हिला.

तेव्हाच मला त्या दिवसातली राहिलेली गोष्ट आठवली. आठवण होतीच, पण ती माझी झाली. बाबांनी हात धरला तेव्हा ते काहीतरी बोलले होते. म्हणाले होते, "किती गार पडलाय गं हात तुझा. स्वेटर घाल." मला जो हात माझा वाटत नव्हता, तो त्यांना माझाच वाटत होता. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलंही नसेल.

हे भाच्याला सांगितलं तर बराच वेळ फोनवर नुसता श्वास. मग म्हणाला, "म्हणजे जातं हे?" म्हटलं, माझं गेलं. तुझं लवकर कळलंय. आपण नीट डॉक्टर शोधू, मी येते बरोबर.

त्यानंतर बहिणीला फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता, खरं सांगते. पण मी नाव सांगितलं, काच सांगितली, तो हात सांगितला, आणि ती पलीकडे रडायलाच लागली. चार महिने ती आपली घाबरून गेली होती की पोरगा आपल्यापासून तुटला. 'कोरडा' हे तिच्या तोंडून त्या भीतीतून आलं होतं. मग तिने विचारलं, "मी आता रोज त्याला काय विचारू? बरं वाटतंय का विचारू?"

म्हटलं, तेच नको विचारूस. नुसती शेजारी जाऊन बस.