शताब्दीनिमित्त जुने कागद कसे संपवावेत

तुमच्या संस्थेला शंभर वर्षं होत आली, अभिनंदन! आता कपाटातल्या जुन्या कागदांचं काहीतरी करायलाच हवं. कोल्हापुरात खात्रीनं चालणारी पद्धत सांगतो, परवाच एका संस्थेत बघून आलोय.

कागद तळमजल्यावर ठेवा, नदीच्या अंगाला. २०१९ला पाणी आलं, २०२१ला आलं, आता कशाला येतंय? आलंच तर 'पुरात गेले' हे उत्तर जन्मभर पुरतं. पुराआधीच रद्दीत गेलेलेही त्यातच खपवता येतात.

ज्यात जुने कागद बांधलेले असतात ते रुमाल सोडून टाका. फडकी टेबल पुसायला होतात. कुठला कागद कुठल्या रुमालातला, असलं विचारायला कोण येतंय?

यादी एका ओळीची: 'जुने कागद (मोडी), पोती ३.'

मोडी वाचणारा चुकूनही बोलावू नका. तो तारखेवरच अडतो. 'समान खमसैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायची जुनी कालगणना) ११५८, म्हणजे इसवी १७५७-५८, असलं मोजत बसतो आणि वर मानधन मागतो. २०२३ला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा त्याला दिला तेवढा मान बास झाला.

आता मुख्य काम, लॅमिनेशन. चकचकीत दिसतं, पाहुण्यांच्या हातात देता येतं, पेपरात फोटो येतो. मला दाखवलेलं पत्र शाहू महाराजांच्या अमलातलं. घडीवर फाटलेलं, म्हणून आधी सेलोटेप. टेपवर गरम प्लॅस्टिक. त्याआधी संस्थेचा जांभळा शिक्का, तोही थेट अक्षरांवर! आणि पाऊचात मावेना म्हणून समास कात्रीनं उडवलेला. अहो, शेरे समासातच असतात! कुणाचा शेरा होता, काय हुकूम झाला, आता कुणाला विचारायचं? सचिव म्हणाले, "सर, झेरॉक्स आहे की!" बघितली. कापल्यानंतरची झेरॉक्स. आता ते प्लॅस्टिक सोलायला जावं तर शाई त्याच्याबरोबर येणार. वाळवीनंसुद्धा इतकं नेटकं काम केलं नसतं.

सल्ले गेले खड्ड्यात. मिरवणुकीतल्या डॉल्बीला वर्गणी निघते, चौकाचौकात फ्लेक्स लागतात, आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या चार खोक्यांना पैसे नाहीत? जुनी कागदपत्रं जपणारं सरकारी पुराभिलेखागार याच गावात आहे. तिथं जाऊन विचारायला कमीपणा वाटतो? फाटक्या कागदाला जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ लावतात. चुकलं तर ओलाव्यानं सुटते, कागद वाचतो. नोंदीला एक वही आणि पेन्सिल पुरते: क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, विषय, पानं किती, रुमाल कुठला. जमत नसेल तर निदान हात लावू नका. पोती माळ्यावर, कोरड्या जागी चढवा आणि ते लॅमिनेशनचं मशीन ज्याचं त्याला आजच्या आज परत करा.