‘आमच्या आप्पांना सगळं समजतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अफेझियात (मेंदूला इजा झाल्याने भाषा अडते त्या अवस्थेत) बोलणं तर अडतंच, पण पुष्कळदा ऐकलेलं वाक्य समजणंही अडतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: मेंदूच्या झटक्यानंतर आप्पांना बोलता येत नाही, पण समजतं सगळं, चाचणीतली ‘मुलाला मुलगी ओढतेय’ असली वाक्यं घरात कोणी बोलत नाही, आणि असल्या चाचणीवरून माणसाला ‘समजत नाही’ ठरवणं हा त्याचा अपमान आहे.

अपमानाचं सोडा, तसा हेतू नव्हता. पण तुमच्या त्या ‘सगळं’ शब्दात धोका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘आप्पा, चहा थंड होतोय’ म्हटलं की ते कप उचलतात. कप समोर असतो, तुमची नजर तिकडे असते, वेळही चहाची असते. एवढ्यात ‘चहा’ हा एक शब्द कळला तरी भागतं. 1976 मध्ये अल्फोन्सो कारामाझ्झा आणि एडगर झुरिफ यांनी हेच तपासलं. ‘मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे’ या धर्तीचं इंग्रजी वाक्य ब्रोका अफेझियाच्या (ज्यात बोलणं तुटक, अडखळत होतं त्या प्रकारच्या) रुग्णांना जमलं, कारण सफरचंद काही मुलाला खात नाही. ‘मुलगी ज्या मुलाच्या मागे धावतेय तो उंच आहे’ या धर्तीच्या वाक्यावर मात्र उत्तरं छापा-काटा केल्यासारखी आली. मागे कोणीही धावू शकतं. कोण कोणाच्या, हे फक्त रचनाच सांगते.

मराठीत हे ओझं बरंचसं ‘ने’ आणि ‘ला’ यांच्यावर असतं, आणि शब्दांचा क्रम आपण खुशाल उलटापालटा करतो. दोन चित्रं समोर ठेवून ‘मुलगी मुलाला ओढतेय’ म्हटलं की माझ्यासमोरची कितीतरी माणसं झटकन बोट ठेवतात. ‘मुलाला मुलगी ओढतेय’ म्हटलं की तेच बोट या चित्रावरून त्या चित्रावर जातं, परत येतं, आणि माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागतो. (म्हणून चाचणी घेताना मी चेहरा कोरा ठेवते. घरात कोणी ठेवत नाही, आणि ठेवूही नये.)

आता ‘असली वाक्यं कोण बोलतं’ याबद्दल. ‘जेवायच्या आधी गोळी घ्या.’ ‘गोळी घ्यायच्या आधी जेवा.’ डायबेटिस असलेल्या घरात यातलं एखादं रोज कानावर पडतं. शब्द जवळपास तेच, काम उलटं. आप्पा दोन्हीला मान डोलावतील, कारण बोलणाऱ्याला दाद द्यायची सवय शाबूत आहे. ‘आईला आत्याने फोन केला होता’ हेही तसंच. आता उलट फोन कोणी करायचा?

मग व्याकरण पुसलं गेलं का? मला तसं वाटत नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूला आहे. 1983 मध्ये लाइनबार्गर, श्वार्ट्झ आणि सॅफ्रन यांनी अशाच चार रुग्णांना वाक्यं ऐकवून फक्त ‘बरोबर की मोडकं’ एवढंच विचारलं. वाक्याचा अर्थ लावताना चुकणारी ही माणसं मोडकी वाक्यं बऱ्यापैकी अचूक ओळखत होती. 2011 मध्ये जर्मनीत सांड्रा हान्ने, श्रवण वसिष्ठ आणि सहकाऱ्यांनी रुग्ण वाक्य ऐकत असताना त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. जर्मनमध्येही विभक्तीच्या खुणा असतात, कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणता येतं. जिथे उत्तर बरोबर आलं तिथे नजर निरोगी माणसांसारखीच योग्य चित्राकडे गेली, फक्त उशिरा. ज्ञान आहे, ते वेळेत हाताशी येत नाही, असं माझं मत यावरूनच झालंय. दुसरं मत असणारे अभ्यासक आहेत. योसेफ ग्रोड्झिन्स्की यांच्या मते वाक्यरचनेचा एक ठरावीक भागच निकामी होतो.

‘सगळ्यांना एकाच पोत्यात घातलंत’ हेही तुम्ही लिहिलंय. तसं घालता येतच नाही. 1996 मध्ये बर्न्ट, मिचम आणि हेंडिगेस यांनी तोवर छापून आलेले निकाल एकत्र तपासले, तर ब्रोका गटातल्याच रुग्णांत काहींना अशी वाक्यं समजत होती, काहींना नाही. तेव्हा आप्पा कुठे बसतात ते त्यांच्याकडे बघूनच कळेल.

त्यासाठी ‘कळलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. गोळीची पट्टी आणि ताट समोर ठेवा, वाक्य एकदा बोला, आणि आधी काय ते त्यांना बोटाने दाखवू द्या. चुकले तर आवाज चढवू नका, कानाचा प्रश्न नाहीये. वाक्य तोडा. ‘आधी गोळी.’ थांबा. ‘मग जेवण.’ सकाळी, टीव्ही बंद असताना करा. संध्याकाळी दमल्यावर उत्तर बदलू शकतं. आणि जे दिसेल ते त्यांच्या स्पीच थेरपिस्टला सांगा, त्यांना त्याचा उपयोग माझ्या लेखापेक्षा जास्त होईल.