वस्तऱ्याने मानेची आग कायमची जाते म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, आठवड्यात तीनदा आला आणि तिसऱ्यांदा मामांनीच टाकला म्हणजे तिथे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तीन-चार पात्यांचे रेझर फेका, आजोबांसारखा वस्तरा घ्या, मानेवरची आग आणि पुरळ कायमची बंद. सुरवातीला चरचरलं तर थांबू नका, रोज करा, कातडी तयार होते आणि केसही नरम पडतात. मान ताणून उलटा हात मारा, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध. वरून तुरटी फिरवा, झालं.

मी स्वतः दीड वर्ष वस्तऱ्यानेच करतोय, मजा येते म्हणून करतोय, तेव्हा वस्तऱ्याशी माझं भांडण नाही. पण हेच सगळं ऐकून पहिले तीन आठवडे मी अशी मान सोलून घेतली की ऑफिसला कॉलरचं वरचं बटण लावता येत नव्हतं.

आधी ते 'आजोबांसारखा'. अहो, आमच्या आजोबांनी आयुष्यात स्वतः वस्तरा धरला नाही. गावातले नाभिक काका धोपटी घेऊन ओट्यावर यायचे, सुगीला त्यांचं बलुतं घेऊन जायचे, आजोबांचं काम फक्त मान वर करून गप्प बसायचं. समोरच्या माणसाची दाढी करणं वेगळं आणि आरशात बघून स्वतःची करणं वेगळं, तिथे डावं-उजवं उलटं दिसतं आणि वस्तरा धरलेला आपलाच हात मानेच्या आड येतो. आजोबांची मान लाल व्हायची नाही ती त्या काकांच्या हातामुळे.

आता 'एकच पातं म्हणून आग नाही'. यात अर्धं खरं आहे, जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिल्या पात्याने ओढलेला केस मागचं पातं अजून खालून कापतं, ते काही जणांना सोसत नाही. पण शिकाऊ माणूस एका पात्याने त्याच जागेवर पाच वेळा जातो, मग हिशोब तोच झाला ना? शिवाय वस्तऱ्याला गार्ड नसतो, कोन सगळा मनगटावर. साधारण ३० अंश म्हणतात, म्हणजे वस्तऱ्याची पाठ (धारेच्या विरुद्धची जाड कड) कातडीपासून स्वतःच्या जाडीच्या दोनेक पट वर. गालावर हे जमतं. जबड्याच्या कडेवरून खाली वळलात की जागा वळते, हात तसाच राहतो, आणि तुमच्या नकळत वस्तरा उभा होऊन खरवडायला लागतो. आवाजावरून कळतं, नीट कापत असेल तर बारीक कुरकुर येते आणि खरवडत असेल तर खर्र.

आणि धार. नवीन घेतलेला वस्तरा बऱ्याचदा दाढीच्या धारेचा नसतोच, त्याला ८०००-१२००० नंबरच्या बारीक दगडावर फिनिश द्यावं लागतं. मग प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ४०-५० वेळा, पाठ पुढे धार मागे, आणि टोकाला पलटताना पाठीवरून पलटायचं. मी घाईत धारेवरून पलटत होतो, म्हणजे रोज स्वतःच्या हाताने धार बोथट करत होतो आणि दोष कातडीला देत होतो! गालावर असली धार खपून जाते, मानेवर नाही, कारण तिथली कातडी सैल आणि केस आडवे.

'कातडी तयार होते, केस नरम पडतात' हे तर सरळ चूक. अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर बाईंनी १९२८ मध्येच मोजून दाखवलं होतं की दाढी केल्याने केसाची जाडी, रंग, वाढ काही बदलत नाही. सोललेल्या कातडीवर रोज वस्तरा फिरवला तर ती अजून सोलते, एवढंच होतं. दोन-तीन दिवस सोडा. पहिले पंधरा दिवस फक्त गाल वस्तऱ्याने करा आणि मान नेहमीच्या रेझरने, त्यात कसली आलीय लाज.

खरा घोळ मात्र उलट्या हातात आहे. मानेवर उलटं-सुलटं म्हणजे काय हेच आधी माहीत नसतं, आपण धरून चालतो की केस वरून खाली वाढतात. तीन दिवसांची दाढी वाढू द्या आणि तळवा चारी दिशांनी फिरवून बघा, टोचेल ती उलटी बाजू. माझ्या उजवीकडे केस खाली जातात, डावीकडे जबड्याखाली कानाच्या दिशेने आडवे, आणि कॉलरजवळ चक्क वर. म्हणजे मी ज्याला सुलटा हात समजून मारत होतो तो अर्ध्या मानेवर उलटाच होता. आता ताणून उलटं मारलं की काय होतं बघा, केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, ताण सोडला की टोक आत राहतं, आणि केस कुरळा असेल तर बाहेर यायच्या ऐवजी आतच घुसतो. ते लाल टपोरे फोड म्हणजे हेच. कुरळ्या दाढीवाल्यांनी मानेवर उलटा हात विसरा. ताणायचं ते कातडी सपाट होण्यापुरतं, दाब शून्य, आणि सुलटा एकच हात. थोडं खरखरीत राहिलं तर राहू दे.

तुरटीबद्दल एवढंच की ती बारीक रक्त थांबवते, चुकलेला हात दुरुस्त करत नाही. जिथे चरचरेल तिथे खरवडलंय हे मात्र अचूक सांगते, तेवढ्यासाठी मी लावतो आणि अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतो. तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा हवा, रक्ताला लागतो तो. आणि फोडांत पू दिसला तर तुरटी नाही, स्किनच्या डॉक्टरकडे.

माझ्या कंठमण्याच्या डावीकडे दोन बोटं जागा अजून आहे जिथे केस भोवऱ्यासारखे फिरतात. तिथे मी आजही साधा रेझरच लावतो, मामांना सांगू नका.