वाढ हवीय ना? मग लाईट जाऊ द्या

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की वीज, पाणी, बस नीट चालली की शहराची भरभराट होते. पुस्तकात ठीक आहे हे. पण नाशिकमध्ये राहून तुम्ही असं बोलत असाल तर तुम्ही विकासाच्या आड येताय, कसं ते सांगतो.

समजा सिडकोतल्या तुमच्या फ्लॅटची लाईट कधी गेलीच नाही. मग तुम्ही इन्व्हर्टर घेणार नाही, बॅटरी घेणार नाही, काही वर्षांनी ती बदलणार नाही, तिच्यात पाणी टाकायला येणाऱ्या पोऱ्याला काम मिळणार नाही. नळाला दाबाने पाणी आलं तर वर टाकी, खाली टाकी, टिल्लू मोटर, बोअर, उन्हाळ्यात टँकर हे सगळं बोंबललं. बस वेळेवर आली तर घरात माणशी एक गाडी कशाला लागेल, आणि गाड्या नसतील तर पंक्चरवाला, पेट्रोलपंप, हाडांचे डॉक्टर यांनी काय करायचं? एक सरळ कामाचा वायरमन किती दुकानं बंद पाडू शकतो याचा विचार केलाय का कधी? आणि हो, ही सगळी खरेदी जीडीपीत मोजतात. तुम्ही अंधारात बसून गाळलेला घाम कुठेच मोजत नाहीत. त्यामुळे हिशोबाने बघाल तर फायदाच फायदा आहे.

आता सुधारणांबद्दल. त्या झाल्या नाहीत असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा, खूप झाल्यात. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, म्हणजे दर ठरवणं राजकारण्यांच्या हातून काढून तज्ज्ञांकडे दिलं. त्याच वर्षी तिकडे दाभोळला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प सुरू झाला, त्याची वीज एवढी महाग की २००१ मध्ये तो बंदच पडला, तर ते असो, आयोगाचा त्यात दोष नाही, करार आधीचा होता. मग २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये वीज मंडळ फोडून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक होल्डिंग कंपनी झाली. आधी लाईट गेली की एकाच बोर्डाला शिव्या देऊन माणूस झोपायचा, आता नेमकं कोणामुळे गेली हे ठरवता ठरवता लाईट येते, हा वेळेचा सदुपयोग नाही का?

म्हणून पहिला सल्ला, बिल वाचू नका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. तुम्ही महिनाभर गावाला गेलात, घरात एक बल्ब लागला नाही तरी स्थिर आकार येणार, तो आपल्या निष्ठेचा आहे असं समजा. दर पाठ करायला तर अजिबात जाऊ नका. २०२५ चंच बघा, आयोगाने २८ मार्चला आदेश काढला, त्यात दर कमी, लोक खूश, काही दिवसांत त्याला महावितरणच्या मागणीवरून स्थगिती, २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश, १ जुलैपासून वेगळेच दर. ज्यांनी मार्चमध्ये पेढे वाटले त्यांनी डायबिटीस तेवढा वाढवून घेतला.

दुसरा सल्ला, जनसुनावणीला जाऊ नका. दरवाढीचा प्रस्ताव आला की पेपरात बारीक अक्षरात जाहिरात येते, हरकती मागवतात, नाशिकमध्येही सुनावणी होते, कोणीही सामान्य ग्राहक जाऊन बोलू शकतो. हा धोका लक्षात घ्या, कोणीही! शेकडो पानांच्या याचिकेचा मराठीत सारांशसुद्धा मिळतो. उद्या चारशे लोक तो वाचून गेले आणि विचारायला लागले की बाबांनो गळती किती, थकबाकी किती, बिनमीटरच्या पंपांना अमुक कोटी युनिट गेले हे मोजलं कोणी, तर सुनावणीला संध्याकाळ होईल. नेहमीची ग्राहक संघटनांची आणि उद्योजकांची मोजकी मंडळी जातात ना, जाऊ द्या त्यांना. आपण सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रागाचा इमोजी टाकायचा, झाली लोकशाही.

तो पंपांचा प्रश्न मात्र चुकूनही काढू नका हं. शेतकऱ्याचा बराचसा वापर एचपीवरून अंदाजाने धरतात आणि वीजचोरी, गळती या अंदाजात खपवतात असं ग्राहक संघटना कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, छान आहे, बिल शून्य. फक्त निफाड-दिंडोरीकडे आठवड्यातले काही दिवस पंपाला लागणारी थ्रीफेज वीज रात्री येते, आणि उसात बिबट्या असतो, त्याला वेळापत्रक कोणी दिलेलं नाही. हातात बॅटरी घेऊन रात्री दोनला बांधावर जाणाऱ्या माणसाला फुकट नको होती, दिवसा हवी होती, हे तो मोर्चे काढून सांगतोय. पण दिवसा द्यायची म्हणजे सौर फीडर, वेगळ्या लाईनी, कामं करावी लागतात. फुकट द्यायला एक जीआर पुरतो.

बरं, तुमच्यातल्या कोणाला अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप टाकायचंय का? अभिनंदन, विकासाचं इंजिन ते तुम्हीच, भाषणात तसंच म्हणतात. इंजिनाने डिझेल प्यायचं असतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर जॉब लागलेला असताना सेकंदभर ट्रिप झाली तरी टूल जातो, जॉब जातो, मशीन परत सेट करायला वेळ जातो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लाईट तर लगेच आली की! म्हणून जनरेटर घ्या, यूपीएस घ्या, आणि शिवाय महावितरणचा डिमांड चार्ज भरा, वीज वापरा किंवा वापरू नका. उद्योगाचा आणि दुकानाचा दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा वर ठेवतात, तो जास्तीचा पैसा इतरांच्या स्वस्त विजेला जातो, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तुम्ही म्हणाल मग दुसरीकडून वीज घेतो, कायद्यात ओपन ॲक्सेस आहे की, एक मेगावॉटच्या वर मागणी असेल तर कुणाकडूनही घ्या. घ्या ना! फक्त त्यावर वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार असं भरा, म्हणजे भाजी दुसऱ्या दुकानातून घ्यायची आणि जुन्या दुकानदाराला त्याचं गिऱ्हाईक गेल्याचं दुःख म्हणून पैसे द्यायचे. क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करत संपवायची असं २००३ च्या कायद्यात होतं, २००७ मध्ये दुरुस्ती करून संपवण्याचं बंधन काढून टाकलं. नुसती कमी करत राहायची. किती वर्षं, ते विचारणारे तुम्ही कोण, तुमचा वर्कशॉप तर अजून सुरूही झालेला नाही.

धीर सुटला तर सिन्नरला जाऊन या. गुळवंचला १३५० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, २७० चे पाच संच. बांधून झालं, पण वीज घ्यायचा करारच नाही, मग वर्षानुवर्षं नुसतं उभं. तुम्ही नावं ठेवाल, मी म्हणतो वाढीचा याहून शुद्ध नमुना दाखवा! सिमेंट खपलं, लोखंड खपलं, बँकांनी कर्जं दिली, पुढे दिवाळखोरीचं प्रकरण झालं त्यात वकिलांचं भागलं, आणि एवढं सगळं धूर न करता. इकडे एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात जुने २१० चे तीन संच आपले कोळसा खात बसलेत, त्यांना कोण विचारतो.

नफ्या-तोट्याचं म्हणाल तर सगळ्यात यशस्वी सेवा आपली मेट्रो निओ. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकसाठी २०९२ कोटी जाहीर झाले, टायरवर चालणारी, देशात पहिली वगैरे. आजवर एक रुपयाचा तोटा नाही, एक अपघात नाही, एका प्रवाशाची तक्रार नाही. त्याच वर्षी जुलैत सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या, त्या बिचाऱ्या खरंच रस्त्यावर धावतात, म्हणून त्यांना तोटा होतो, ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात तरी वाहकांचे पगार थकतात, मग संप, मग द्वारका चौकात ताटकळलेली गर्दी. चूक त्यांचीच, धावायलाच नको होतं.

पाण्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते कोर्टात असतं. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, देशातलं पहिलं, म्हणून आपल्याला अभिमान. १५ ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात किती साठा आहे ते बघून वरच्या धरणांतून सोडायचं की नाही ते ठरतं, कमी पावसाच्या वर्षी आम्ही गंगापूर धरणाकडे बघत आंदोलन करतो, मराठवाडा तिकडे करतो, आणि दोघांच्याही शहरातल्या फुटक्या पाइपलाइनीतून जे जातं त्यावर मात्र दोन्हीकडे एकमत असतं, म्हणजे कोणी बोलत नाही. शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, रविवारी कमी दाबाने. टँकरवाल्यांचाही वीकेंड सत्कारणी लागला पाहिजे ना.

तक्रार करायची फारच हौस असेल तर तेही आहे. ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे, लाईट ठरलेल्या वेळेत आली नाही तर भरपाईचीसुद्धा तरतूद आहे. मी हे उगाच सांगितलं. लोकांनी खरंच अर्ज करायला सुरुवात केली तर डीपीची दुरुस्ती भरपाईपेक्षा स्वस्त पडते असं कोणाच्या तरी लक्षात यायचं, मग वर लिहिलेल्या सगळ्या दुकानांचं काय?

राहता राहिला नवा मीटर. २०२४ मध्ये सांगितलं सामान्य ग्राहकाला स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, तसं ते लावलं नाही, टीओडी म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारं मीटर लावलं, पोस्टपेड आहे, तेव्हा शब्द पाळला गेलाय. याचा फायदा असा की सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज वापरली तर युनिटमागे सवलत मिळते. त्या वेळात तुम्ही ऑफिसला, बायको ऑफिसला, पोरं शाळेत, घरी फक्त आजी. तेव्हा आजीला वॉशिंग मशीनचं बटण शिकवून ठेवा, राष्ट्रीय ग्रिडचा भार तिच्यावर आहे हे समजावून सांगा, आणि एवढंच बजावा की लावायच्या आधी वरच्या टाकीत पाणी आहे का बघ, आणि शनिवार असेल तर राहू दे.