हिरवा ठिपका दिसला म्हणजे फोन हॅक झाला? सोसायटीच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन जणांनी टाकला, मग तोच कळव्याहून मावशीने पाठवला आणि संध्याकाळी ऐरोलीच्या ऑफिसच्या ग्रुपवर पण हजर. लाल सायरनवाला इमोजी, पाच वेळा "सावधान" आणि खाली चार मुद्दे. थोडक्यात सांगतो. एक, फोनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर फोन हॅक झालाय आणि कोणीतरी ऐकतंय. दोन, ठिपका नसला तरी फोनमधला असिस्टंट, म्हणजे सिरी किंवा गूगल असिस्टंट, चोवीस तास सगळं रेकॉर्ड करून कंपनीला पाठवतो, नाहीतर "ओके गूगल" म्हटलेलं त्याला कळतं कसं? तीन, पुरावा हवा तर घरात मिक्सरबद्दल बोला, तासाभरात मिक्सरची जाहिरात. चार, उपाय एकच, असिस्टंट बंद करा, ठिपका कायमचा जाईल.

मी ग्रुपवर "असं नाहीये" एवढंच लिहिलं तर सेक्रेटरी काका म्हणाले मग कसंय ते लिही. लिहितोय. लांबलंय, चालवून घ्या.

ठिपक्यापासूनच सुरू करू, कारण रविवारी पार्किंगमध्ये काकांनी फोन माझ्या नाकासमोर धरला, "हे बघ, आत्ता पण आहे!" आणि होता खरंच, हिरवागार. मी विचारलं काका तुम्ही आत्ता काय करत होतात, तर टँकर किती वाजता येणार तो मेसेज ग्रुपवर टाकत होते, आणि काका टाइप करत नाहीत, कीबोर्डवरचा माइक दाबून बोलतात. वरून बोट खाली ओढलं, ठिपक्याच्या जागी माइकचं छोटं चित्र आलं, त्यावर टॅप केलं तर कीबोर्डचं नाव. संपला हॅकर.

हा ठिपका ॲपलने सप्टेंबर २०२० मध्ये आयफोनच्या आयओएस १४ या सिस्टीमबरोबर आणला आणि गूगलने २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ मध्ये. त्याच्या आधी एखाद्या ॲपने माइक चालू केला तर तुम्हाला कळायची फारशी सोय नव्हती, एकदा परमिशन दिली की दिली. म्हणजे वॉचमनने शिट्टी मारली म्हणून आपण वॉचमनलाच धरून मारतोय. रंगाचा घोळ पण आहेच, आयफोनवर माइकला केशरी आणि कॅमेऱ्याला हिरवा, अँड्रॉइडवर दोन्हीला हिरवाच, त्यामुळे आयफोनवाल्या भाच्याने "हिरवा म्हणजे कॅमेरा" असं सांगितलं की अँड्रॉइडवाली मामी कॅमेऱ्यावर बिंदी चिकटवून मोकळी. (खरी गोष्ट आहे, मामी वाचत असेल तर सॉरी.) हां, फोनच्या मुळापर्यंत शिरलेलं हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल तर ते ठिपका दाखवत बसणार नाही, पण मग ठिपका बघून घाबरण्यात तरी काय अर्थ आहे.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलायचंय. माइक जागा असतो, हे बरोबर. पण जागा असणं आणि रेकॉर्ड करून पाठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फोनमध्ये कमी बॅटरी खाणारा एक छोटा प्रोसेसर असतो, तो शेवटच्या काही सेकंदांचा आवाज धरून ठेवतो, "हे सिरी" किंवा "ओके गूगल"सारखा आवाज त्यात आहे का एवढंच बघतो, नसेल तर त्याच्यावरच पुढचा आवाज लिहितो. ॲपलने २०१७ मध्ये हे कसं चालतं ते स्वतःच लिहून छापलंय, आधी छोटा प्रोसेसर संशय घेतो, मग मोठा प्रोसेसर जागा होऊन नीट तपासतो, आणि हे सगळं फोनच्या आतच. आपला कुत्रा कसा, आपण काय बोलतो ते त्याला कळत नाही पण स्वतःचं नाव आलं की कान टवकारतो, तसंच. या सततच्या कान देण्याला ठिपका लागत नाही, नाहीतर दिवसभर लागलेलाच राहिला असता आणि त्याच्याकडे कोणी बघितलंही नसतं. पण ही सूट कंपनीने स्वतःच स्वतःला दिलीये हेही खरं, इथे विश्वासच ठेवावा लागतो आणि तो खटकतो, मलाही खटकतो.

आता गणित करा. अगदी हलक्या क्वालिटीचा, सेकंदाला १६ किलोबिटचा आवाज चोवीस तास पाठवला तरी दिवसाला साधारण १७० एमबी होतात, महिन्याला ५ जीबीच्या वर. रोज दीड जीबीच्या पॅकवाल्या माणसाला हे दिसल्याशिवाय राहील? कोणी म्हणेल फोनमध्येच त्याचे शब्द करून फक्त मजकूर पाठवतील, तर मग दिवसभर बोलणं ऐकून लिहीत बसणारा फोन संध्याकाळी ठाण्याहून बदलापूर लोकल पकडेपर्यंत मेलेला असेल.

खरी भानगड पुढे आहे आणि ती त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. असिस्टंट चुकून जागा होतो. आमच्या चौथ्या मजल्यावर शिरीष राहतो, वहिनी किचनमधून "ए शिरीष" ओरडल्या की त्यांचाच आयफोन उजळतो, कारण "हे सिरी" आणि "ए शिरी" यात फरक तो काय. माझ्याकडे "ओके, गूगलवर बघतो" म्हटलं की तोच प्रकार. जागा झाला की मग तो सिग्नल देतो, सिरीचा गोळा खाली चमकतो किंवा नव्या फोनला स्क्रीनच्या कडेने रंग फिरतात, गूगलचे रंग हलतात, कधी टुंग वाजतं, कधी नाही. आणि फोन तेव्हा कुठे असतो? पालथा ओट्यावर, नाहीतर पर्समध्ये. कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये ते टुंग कोणाला ऐकू येणार.

अशा चुकून झालेल्या रेकॉर्डिंगमुळेच २०१९ मध्ये गोंधळ झाला होता. बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीच्या हाती गूगल असिस्टंटच्या हजारावर क्लिप लागल्या, त्यातल्या १५३ क्लिपमध्ये "ओके गूगल" कोणी म्हटलेलंच नव्हतं, घरातली बोलणी होती, आणि क्वालिटी तपासायला बसवलेली माणसं ती ऐकत होती. त्याच महिन्यात सिरीबद्दलही तसंच बाहेर आलं, ॲपलने ते काम थांबवलं, माफी मागितली आणि पुढे तुम्ही हो म्हटलं तरच रेकॉर्डिंग ठेवू असं केलं. सिरी चुकून जागी होण्यावरून चाललेल्या खटल्यात चूक मान्य न करता साडेनऊ कोटी डॉलर द्यायचंही ॲपलने कबूल केलं. म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही, फक्त बोट भलतीकडे दाखवलंय.

आता तिसरा मुद्दा, मिक्सर. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली होती, गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही, उलट काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवत होती, ज्याबद्दल कोणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेतल्या कॉक्स मीडिया ग्रुपने जाहिरातदारांना "ॲक्टिव्ह लिसनिंग", म्हणजे लोकांचं बोलणं माइकमधून ऐकून जाहिराती दाखवायची सोय, विकायचा प्रयत्न केला होता हे २०२३ मध्ये बाहेर आलं, तेही सांगायला हवं, पण ती विक्रीची जाहिरातबाजी होती, फोन तसं ऐकतात याचा पुरावा त्यातून निघाला नाही. आमच्याकडे मिक्सरची जाहिरात मला आली तेव्हा मी पण दचकलो होतो. मग कळलं की भांडं गळतंय म्हणून बायकोने त्याच वायफायवर आदल्या रात्री चार मिक्सर बघून ठेवले होते. आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मिक्सरची जाहिरात कोणाला येत नाही ते सांगा.

राहिला उपाय. असिस्टंट बंद करून ठिपका जात नाही, कारण तो कुठल्याही ॲपने माइक घेतला की येणारच, व्हिडिओ कॉलला येणार, व्हॉइस नोटला येणार, काकांच्या टँकरला येणार. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत परमिशन मॅनेजर उघडा आणि मायक्रोफोनची यादी बघा. काकांच्या यादीत काय निघावं? पंचांग. मी म्हटलं काका, पंचांगाला माइक कशाला, राहुकाळ ऐकून सांगणारे का? तिथल्या तिथे काढलं. अँड्रॉइड १२ पासून पुढे प्रायव्हसी डॅशबोर्ड पण आहे, गेल्या चोवीस तासांत माइक कोणी कधी घेतला ते वेळेसकट दिसतं, आणि वरून खाली ओढल्यावर माइकचा ॲक्सेस सगळ्यांसाठीच बंद करायचं बटण लावता येतं. गूगल अकाउंटमध्ये आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवायचं सेटिंग बंद आहे ना तेही बघून घ्या, आयफोनवाल्यांनी "इम्प्रूव्ह सिरी अँड डिक्टेशन" बंद आहे ना ते बघा.

कंपन्यांशी भांडायचंच असेल तर सिग्नलच्या आकारावरून भांडा असं माझं मत. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला ठिपका म्हणजे स्क्रीनवरची धूळ वाटते, दोनदा पदराने पुसला तिने. तो बोलत नाही, वाजत नाही, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच दिसत नाही.

शिरीषच्या घरी प्रश्न सुटला म्हणे. वहिनींनी "हे सिरी" ऐकणं बंद करून टाकलं, आता काम असेल तेव्हा बाजूचं बटण दाबतात. नवऱ्याचं नाव बदलण्यापेक्षा हे सोपं होतं म्हणाल्या.