यंत्रं किती, यापेक्षा हेतू किती ते मोजा

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात ‘अनेक संगणकांवर चालते ती वितरित कृत्रिम बुद्धिमत्ता’ अशी सरसकट मोट बांधली आहे. पटलं नाही. एकच मॉडेल हजार जीपीयूंवर (एकाच वेळी अनेक आकडेमोडी करणाऱ्या चिपवर) विभागून शिकवलं, तर ती नुसती समांतर गणना झाली. काम वेगानं होतं, इतकंच.

या विषयाचे अभ्यासक बाँड आणि गॅसर यांनी १९८८ मध्येच वितरित कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन शाखा वेगळ्या मांडल्या होत्या: वितरित समस्या-निवारण आणि बहु-एजंट प्रणाली. पहिलीत ध्येय एकच, कामं वाटून घेतलेली. दुसरीत प्रत्येक एजंट (काम करणारा प्रोग्राम) स्वायत्त, त्याचे हेतू वेगळे, प्रसंगी एकमेकांच्या आड येणारे. म्हणून वाटाघाटी आल्या.

गंमत म्हणजे रीड स्मिथ यांचा १९८० चा ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात कामं वाटण्याची एक पद्धत. त्यात एक नोड (जाळ्यातला एक संगणक) काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, योग्य बोलीला काम मिळतं. दिसायला चक्क बाजार! पण तो पहिल्या शाखेतला, कारण तिथे कुणी स्वार्थापोटी खोटी बोली लावेल हे गृहीतच धरलेलं नाही. तशी शक्यता मान्य केली, की नियमच बदलावे लागतात.

आणि हो, एकाच कामासाठी जुंपलेले पाच चॅटबॉट म्हणजे हल्लीचं ‘मल्टी-एजंट’. या कसोटीवर त्यातले बरेचसे पहिल्याच शाखेत बसतील.