एम-१६ अडकायची त्याचा दोष जवानांच्या माथी मारू नका

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं, की व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची एम-१६ रायफल अडकायची ती जवान साफसफाई करत नसत म्हणून. तीच रायफल आजही चालते, म्हणजे बंदूक निर्दोष होती. रायफलीचा रचनाकार यूजीन स्टोनर याचा आराखडा उत्तम होता, हे मलाही मान्य आहे. पण जवानांवरचा ठपका मला अजिबात पटत नाही.

साफ करायची कशानं? सुरुवातीला कित्येक तुकड्यांकडे नळी साफ करायचे क्लीनिंग रॉडच पुरेसे नव्हते. वर या रायफलीला फारशी निगा लागत नाही, असं जवानांना सांगितलं जात होतं.

आणि साफ केलेली रायफलही अडकत होती, हा खरा मुद्दा. स्टोनरनं ती काडतुसातल्या आयएमआर नावाच्या बंदुकीच्या दारूवर जुळवली होती. १९६४ मध्ये लष्करानं काडतुसात बॉल पावडर ही वेगळी दारू आणली. तिच्यामुळे गोळीबाराचा वेग वाढला, काजळीही जास्त धरू लागली. काडतुसाची पितळी पुंगळी दाबानं फुगून चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला) चिकटलेली असतानाच बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारा भाग, मागे जाऊ लागला. मग पुंगळी ओढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कडा तोडून निघून यायचा आणि पुंगळी आतच राहायची. ती काढायला नळीच्या तोंडातून रॉड घालून ठोकावं लागे, तेही समोरून गोळ्या येत असताना! त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत तिथे गंज चढून खड्डे पडत आणि पुंगळी आणखी घट्ट बसे. आधीच्या एम-१४ रायफलीला क्रोम होतं, म्हणजे हे शहाणपण लष्कराकडे आधीपासून होतं.

मला सर्वांत संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. बॉल पावडरवर अनेक रायफली गोळीबाराच्या वेगाच्या चाचणीत बसत नव्हत्या, तेव्हा त्या बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला चाचणीसाठी जुनी दारू वापरायची मुभा मिळाली. कारखान्यात एक काडतूस, रणांगणावर दुसरं.

१९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढलेल्या एका अमेरिकी मरीन सैनिकानं घरी लिहिलं, की आमच्या जवळजवळ प्रत्येक मृत साथीदाराशेजारी त्याची रायफल दुरुस्तीसाठी खोललेल्या अवस्थेत सापडली. ही माणसं निष्काळजी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अमेरिकी संसदीय उपसमितीनं अहवाल दिला. काडतुसातले दोष दूर न करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचं वर्तन गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या जवळ जाणारं आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

राहिला ‘तीच रायफल’ हा मुद्दा. ती ‘तीच’ राहिली नाही. वेग आवरणारा नवा बफर (बोल्टचा मागचा धक्का झेलणारा भाग) आला, चेंबरला आणि पुढे पूर्ण नळीला क्रोम चढलं, साफसफाईचं साहित्य आणि प्रशिक्षण मिळालं, आणि मग तक्रारी ओसरल्या. आज तुम्ही जिचं कौतुक करता, ती या दुरुस्त्यांनंतरची रायफल आहे.